व्हॉल्व्ह लावला म्हणून बंबाची वाफनळी बुजवू नका

बंबाला (विस्तवावर पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्याला) नळ जोडण्याचा एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंतून फिरतोय. थोडक्यात असा: जुन्या तांब्याच्या बंबाचं झाकण डाख देऊन (धातू वितळवून झाळून) बंद करा, खालून टाकीचं पाणी द्या, वरून गरम पाण्याची लाइन काढा आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा. वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या वाफनळीची कटकट नको, विजेच्या गिझरइतकंच सुरक्षित! यातलं पाणी खालून देऊन वरून काढणं बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

‘व्हॉल्व्ह आहे, मग भीती कसली?’

गिझरचा व्हॉल्व्ह साधारण ७-८ बारला (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब) उघडतो, कारण त्याची टाकी तेवढ्या दाबासाठीच बनवलेली असते. बंबाचा पत्रा तांबटाने ठोकला तो उघड्या भांड्यासाठी. गच्चीवरची टाकी ५ मीटर उंच असेल तर बंबावर जेमतेम अर्धा बार दाब येतो. तो ७ बारपर्यंत चढू दिला तर व्हॉल्व्ह उघडायच्या कितीतरी आधी सांधा उघडेल.

आणि सांधा टिकला तर आणखी वाईट. ७ बार दाबाखाली पाणी १७० अंशांपर्यंत उकळत नाही, नुसतं तापत राहतं. त्या क्षणी पत्रा फाटला तर ४० लिटरच्या बंबातल्या पाण्याचा साधारण आठवा भाग तत्क्षणी वाफ होतो. ही वाफ सुमारे ८,००० लिटर भरते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीचा पाव भाग भरून उरते.

शिवाय विजेच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, तो अडकला तर वीज तोडणारा कटआउट असतो; व्हॉल्व्ह ही शेवटची राखण. विस्तवाला बटण नाही. एक किलो लोणारी कोळशाची निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं, तरी उरलेली निम्मी ४० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला नेते. त्यापुढचा प्रत्येक निखारा वाफच करतो. चुलाण्यातून ५ किलोवॉट उष्णता पाण्यात जात असेल तर तासाला ८ किलो वाफ होते, आणि तिला वाट हवीच. बोअरच्या पाण्याने व्हॉल्व्हच्या तोंडाशी क्षार धरला की तीही वाट गेली.

अर्ध्या-एक बारला उघडणारा व्हॉल्व्ह वाफनळीच्या जोडीला जरूर लावा. तिच्याऐवजी नाही.

‘वाफनळीतून पाणी सांडतं, म्हणून ती बंद करा’

सांडतं ते नळी बुटकी असते म्हणून. गार पाण्यापेक्षा उकळतं पाणी सुमारे ४ टक्के हलकं असतं. त्यामुळे वाफनळीतला गरम स्तंभ टाकीतल्या पातळीच्या वर उभा राहतो, दर मीटरला ४ सेंटिमीटर. हिशोब सोपा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी बंबापासून ५ मीटरवर असेल तर २० सेंटिमीटर, त्यावर १५ सेंटिमीटर मोकळीक. म्हणजे पातळीच्या वर ३५ सेंटिमीटर तरी नळी न्या.

नळी एक इंची धातूची, बंबाच्या अगदी माथ्यावरून निघालेली, सतत चढती. मध्ये कुठे आडवी झोळ पडली की तिथे पाणी साचतं आणि वाफ ते ढकलत गचके देते. वरचं टोक वळवून टाकीवर सोडा, पण पाण्यात बुडवू नका. आणि या नळीवर कॉक, व्हॉल्व्ह, जाळी, बूच काहीही नाही.

 

‘गार पाण्याच्या लाइनीवर नॉन-रिटर्न लावा, गरम पाणी टाकीत परत जाणार नाही’

४० लिटर पाणी २० वरून ८० अंशांना गेलं की सुमारे १.१ लिटरने फुगतं. नळ बंद, वाफनळी बुजवलेली, त्यात नॉन-रिटर्न. मग हे लिटरभर पाणी जाणार कुठे? पाणी दबत नाही, पत्राच ताणला जातो. गरम पाणी उलटं चढू नये यासाठी गार लाइन बंबाच्या तळाखाली उतरवून, वळसा देऊन वर जोडा. हलकं गरम पाणी खाली उतरत नाही. त्या लाइनीवर दुरुस्तीसाठी कॉक ठेवलाच तर मूठ काढून ठेवा. तो चुकून बंद राहिला तर वाफनळीतून सगळी वाफ जाऊन बंब कोरडा पडतो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कल्हई जाते, डाखही सुटू शकतो.

‘सीपीव्हीसी चालतो, प्रेशर पंपही चालतो’

सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपची मर्यादा ९३ अंश. बंब ती रोज ओलांडू शकतो. निदान पहिले दोन मीटर धातूचा पाइप, आणि तांबं थेट जीआयला (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला) न जोडता मध्ये पितळी युनियन. नाहीतर जीआय भराभर गंजतो. प्रेशर पंपाची लाइन बंबाला देऊ नका, वाफनळीतून कारंजं उडेल. फ्लोट व्हॉल्व्हची (भरली की पाणी आपोआप बंद होणारी) २०-३० लिटरची वेगळी छोटी टाकी द्या.

‘जास्त तापला तर गार पाणी ओता’

बंबातून गडगड आवाज येतोय, वाफनळीतून उकळतं पाणी पडतंय, तर आधी खालचं राखेचं दार बंद करा. हवा तुटली की विस्तव मंदावतो. मग निखारे चिमट्याने काढून पत्र्याच्या घमेल्यात, वर राख. नळातून पाणी येत असेल तर ते सोडून द्या, पण हात लांब ठेवून: ६० अंशांचं पाणीही पाचेक सेकंदांत खोल भाजतं. नळ कोरडा असेल तर बंब पूर्ण निवेपर्यंत आत थेंबही सोडू नका. तापलेल्या पत्र्यावर पडलेलं पाणी क्षणात वाफ होतं.

‘बाथरूममध्येच बसवा, ऊबही मिळते’

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंब बाहेर पडवीत किंवा परसात, आत फक्त पाइप.

जोडणी झाली की सगळे नळ बंद ठेवून एकदा उकळी येईपर्यंत विस्तव करा आणि टाकीपाशी उभे राहा. नळीच्या तोंडातून वाफ यायला हवी. सलग पाणी येत असेल तर नळी अजून वर न्या. काहीच येत नसेल तर राखेचं दार बंद करा आणि नळी कुठे बुजलीय ते बंब निवल्यावर शोधा.