कॅनडा ओस पडलेला नाही

"कॅनडात एका चौरस किलोमीटरला चारच माणसं. बाकी देश ओस. प्रत्येकाला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात. मग तिथे जाऊन राहायला अडचण कसली?" हा मजकूर मला चार-पाच गटांतून आला. असल्या भरवशावर घरची माणसं कर्ज काढून मुलांना पाठवतात, म्हणून उत्तर देतोय.

चारचा आकडा खोटा नाही, पण ती सरासरी आहे. 2021च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 3 कोटी 70 लाख भरली. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात. टोरांटो शहरात चौरस किलोमीटरला सुमारे 4,400 माणसं आहेत, आणि तुमचा मुलगा भाड्याची खोली शोधणार आहे ती त्या गर्दीत.

दोन्ही भाषा सरकारला बोलाव्या लागतात, माणसांना नाही. 1969च्या कायद्याने केंद्राचा कारभार दोन्ही भाषांत चालतो. दुकानातल्या खोक्यावरही एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच असते. पण दोन्हींत संभाषण करू शकणारे 18 टक्केच. क्वेबेक या प्रांतात ते 46 टक्क्यांच्या आसपास, बाहेर दहातला जेमतेम एक. क्वेबेक प्रांताची अधिकृत भाषा फक्त फ्रेंच. नुसत्या इंग्रजीवर तिथल्या मॉन्ट्रियल शहरात निघालेल्या मुलाला हे आधी सांगायला हवं.

थंडीमुळे लोक राहत नाहीत, हेही अर्धंच. विनिपेग आणि एडमंटनमध्ये हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरतो, तरी ती मोठी शहरं आहेत. खरं कारण पायाखाली आहे. हिमयुगातल्या बर्फाने देशाच्या फार मोठ्या भागावरची माती खरवडून नेली. उरले कातळ, तळी आणि दलदल. तिथे नांगर कुठे घालणार?

आणि "ओस" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. उत्तरेतला नुनावुत हा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट, वस्ती सुमारे 37 हजार, त्यात बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या, 1993 साली करार झाला आणि 1999 मध्ये हा वेगळा प्रदेश झाला. राजधानी इकालुइतमध्ये थांबा सांगणाऱ्या पाट्यांवर त्यांची लिपी आहे. तिच्यात एकच खूण फिरवून स्वर बदलतात: टोक वर केलं की 'पि', उजवीकडे 'पु', डावीकडे 'प'. बाराखडी गिरवलेल्या माणसाला हे पटकन कळेल.

या प्रदेशातल्या पंचवीस गावांना एकमेकांशी जोडणारा रस्ता नाही. अवजड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं, बाकी सगळं विमानाने. जमीन खाली बारमाही गोठलेली, म्हणून घरं खांबांवर उचलून बांधतात. लाकूड, खिळे, काच, सगळं बाहेरून येतं. त्यामुळे घरं महाग आणि थोडी. ज्या प्रदेशाला आपण ओस म्हणतो, तिथल्या इनुइट कुटुंबांतली निम्म्याहून अधिक माणसं अपुऱ्या खोल्यांत दाटीने राहतात.