बाजार गंगेवर भरतो, पाण्यात नाही

परवा बुधवारी भाचीला घेऊन गंगेवर गेले होते. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. मेथीची जुडी निवडता निवडता तिला विचारलं, "लक्षणा म्हणजे काय गं?" एका दमात उत्तर आलं, "मूळ अर्थ जुळत नाही, तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. उदाहरण, घरावरून हत्ती गेला." बरोबर होतं. पण ती उभी होती तेच ठिकाण लक्षणेचं उदाहरण होतं, आणि ते तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने लक्षणा समजावताना उदाहरण घेतलं, 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा कसा वसेल? म्हणून गंगा या शब्दाचा अर्थ घ्यायचा गंगेचा काठ. आमचा बाजार तरी कुठे पाण्यात भरतो? जे वाक्य पंडितांनी शतकानुशतकं सोलून काढलं, ते आमच्याकडे हातात पिशवी घेतलेली कोणतीही बाई बोलून जाते.

यातला पुढचा प्रश्न मला जास्त आवडतो. सरळ 'काठावर' का म्हणत नाहीत? कारण काठ म्हटल्यावर गंगेचा गारवा आणि पावित्र्य येत नाही. तो वरचा, शब्दांनी न सांगता सुचवलेला अर्थ व्यंजनेचा. माझी आजी कधीच 'नदीकाठी जाऊन येते' म्हणाली नाही. 'गंगेवर जाऊन येते' म्हणायची, आणि तेवढ्यात अंघोळ, दर्शन, ओल्या लुगड्याचा पिळा सगळं यायचं.

व्यंजनेसाठी तर दुसरीकडे जायलाच नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरभर एकच वाक्य फिरतं, 'दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागलं.' गोदाघाटावरची ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. शब्दांचा अर्थ पाण्याच्या उंचीपुरता, ती अभिधा. पण सराफ बाजारातला दुकानदार ते ऐकतो आणि माल वरच्या फळीवर चढवायला लागतो. आई मुलाला घाटाकडे फिरकू नको म्हणते. कॉलेजची पोरं पूर बघायला होळकर पुलाकडे निघतात. वाक्य एकच, ऐकणारा जसा तसा अर्थ. हे कळलं की व्यंजनेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

अलंकारांचंही तेच, आपण शिकवतो मात्र खुणा. 'सम, सारखा, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. मुलं शब्द हुडकतात आणि गुण घेतात. मुलांवर माझा राग नाही, राग या पद्धतीवर आहे. पावसाळ्यात त्र्यंबकला ब्रह्मगिरीकडे बघा. ढग पागोट्यासारखा दिसतो म्हणालात, तर ढग आणि पागोटं दोन्ही अजून वेगळी आहेत. जणू पागोटंच बांधलंय म्हणालात, तर मन डळमळायला लागलं. 'ढगाचं पागोटं' म्हणालात की भेद संपला, ते रूपक. हे अंतर त्या मुलांना कोण दाखवणार?

निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर माणसं आनंदाने सांगतात, 'डोळे फुटले.' इतरत्र हे ऐकून छातीत धस्स होईल! काडीवरच्या कळीला डोळा कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल, तो माणूस कवीच होता असं मी मानते.

आता जे मला खरंच खुपतं ते. रस्त्यातल्या खड्ड्यात दुचाकी घसरून तरुण मुलगा जातो आणि बातमी येते, 'ही केवढी शोकांतिका!' शोकांतिका हा नाट्यातला शब्द आहे. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलं की नायकाचा ऱ्हास त्याच्याच हातून घडलेल्या चुकीतून होतो. आपल्या नाशिकच्या शिरवाडकरांचं १९७० मध्ये रंगभूमीवर आलेलं 'नटसम्राट' आठवा. आप्पासाहेब बेलवलकर आपलं सगळं मुलांना स्वतःच्या हाताने वाटून टाकतात, आणि तिथूनच त्यांची फरफट सुरू होते. म्हणून ती शोकांतिका.

खड्ड्यात पडलेल्या मुलाची चूक कोणती? घरी जाण्यासाठी तो त्या रस्त्याने निघाला, एवढीच? त्याच्या मरणाला शोकांतिका म्हणताना आपण नकळत दोष त्याच्यावर किंवा नशिबावर ढकलतो, आणि ज्यांनी खड्डा बुजवायचा होता ते वाक्यातून अलगद निसटतात. भाचीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मग काय लिहायचं?"

दुर्घटना लिहा. हलगर्जी लिहा. खड्डा किती दिवसांपासून होता आणि रस्ता कोणाच्या ताब्यात होता, ते लिहा.