रकाना नंबर ७

आमच्या सोसायटीत घरात खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो. खिळ्याचं जरा वाढवून सांगितलं, पण ओटा फोडणे, फरशी बदलणे, भिंतीतली कपाटं करणे यांसाठी दोन पानी छापील अर्ज आहे. अनामत रक्कम, कामगारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, दुपारी २ ते ४ हातोडा आणि ड्रिल बंद, लिफ्टमधून वाळू-सिमेंट नेणार नाही अशी लेखी हमी, आणि मग रकाना नंबर ७ : ‘परवानाधारक ठेकेदाराचे नाव व परवाना क्रमांक’.

हा अर्ज आमच्या सेक्रेटरींनी स्वतः बसून तयार केलाय. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सरकारी कामात ठेकेदारांची नोंदणी असते, वर्ग असतात, अमुक रकमेपर्यंतचं काम अमुक वर्गानेच घ्यायचं असतं. जे धरणाला लागतं ते किचन ट्रॉल्यांना का नको, असा त्यांचा सवाल. मी जन्मभर बँकेच्या कर्ज विभागात बसलेली बाई. कागद मागणाऱ्या माणसाबद्दल मला मुळातच आदर. म्हटलं, रास्त आहे, परवानेवालाच माणूस शोधू. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “आहे त्या ओट्याला काय झालंय?” कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटचा तो कडप्प्याचा ओटा नव्वदच्या दशकातला. त्याच्याखालच्या कप्प्यांवर आता कायदेशीर हक्क कुणाचा सांगायचा झाला तर तो झुरळांचाच होता.

पहिला कॉन्ट्रॅक्टर टॅब घेऊन आला. त्यावर आमच्या स्वयंपाकघराचं थ्रीडी चित्र. ते इतकं ऐसपैस दिसत होतं, की सासूबाईंनी विचारलं, “शेजारचा फ्लॅट पण घेतोय का आपण?” मी परवाना मागितला. त्याने आनंदाने शॉप अ‍ॅक्टचा कागद पुढे केला. मी कागद वाचते, नुसता बघत नाही. २०१७ च्या कायद्यापासून मोजकीच माणसं कामाला असलेल्यांना नोंदणी करावी लागत नाही. ‘मी धंदा करतो आहे’ असं ऑनलाइन कळवायचं, आणि कळवल्याची पावती मिळते. “हे तर तुम्ही सरकारला कळवलेलं झालं,” मी म्हटलं, “सरकारने तुम्हाला काय कळवलं?” त्याने टॅब मिटला.

दुसऱ्याने उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योग असल्याचं, प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं होतं. तेही ज्याचं त्यानेच भरायचं असतं. तिसऱ्याने खिशातून सरळ ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि म्हणाला, “हेवी व्हेइकलचं पण आहे, मॅडम.” चौथ्याकडे फाइल होती, जाडजूड. पॅन, जीएसटी, एका नगरसेवकासोबतचा फोटो, आणि मधेच चुकून आलेला दारू पिण्याचा आजीवन परवाना. त्याने तो घाईघाईने मागे सरकवला. वास्तविक त्या सगळ्या फाइलीत सरकारने रीतसर तपासून ‘करण्यास परवानगी आहे’ असं म्हटलेलं काम तेवढं एकच होतं.

मग मीच चौकशीला लागले. वायरिंग करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो. प्लंबरला महापालिका परवाना देते. आर्किटेक्ट ही पदवी नावापुढे लावायची तर १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. इंटेरियर करणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही. पडदे विकणाऱ्या माणसाने उद्या सकाळी कार्डावर ‘इंटेरियर डिझायनर’ छापलं तर त्याला कुणी हटकणार नाही. म्हणजे आमच्या घरातल्या बल्बची वायर ओढायला सरकारमान्य माणूस हवा, आणि लाखो रुपयांची भिंत उखडायला कुणीही चालतो.

हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, “असेल. पण रकाना आहे.”

ज्याला शेवटी काम दिलं, तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता, “मॅडम, असा परवानाच नसतो. आम्हाला परवाना शेवटचं गिऱ्हाईक देतं, तेही तोंडी.” कर्ज विभागात मी हेच शिकले : जो स्वतःहून ‘हा कागद माझ्याकडे नाही’ म्हणतो, त्याचे बाकीचे कागद बहुधा खरे असतात. शिवाय पक्क्या बिलाचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला नाही. बाकीचे “बिल लागणार असेल तर वर १८ टक्के” हे अशा आवाजात सांगत होते, की जणू तो कर मीच बसवलाय. अर्जावर सेक्रेटरींनी लाल शाईने शेरा मारला : ‘रकाना ७ च्या पूर्ततेच्या अधीन राहून तात्पुरती मंजुरी.’

कोटेशन आलं. ते वाचायला मला जितका वेळ लागला तितका साखर कारखान्याचा ताळेबंद वाचायला लागत नसे. ट्रॉल्या रनिंग फुटावर, कपाटं स्क्वेअर फुटावर, हँडल नगावर, आणि ‘किरकोळ’ हे अंदाजे. कपाटाचं माप समोरून घेतात, लांबी गुणिले उंची. खोली मोजत नाहीत. मी म्हटलं, मग खोली कमी केली तर पैसे तेवढेच? तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही पहिल्याच आहात विचारणाऱ्या.” एका जागी नुसतंच लिहिलं होतं, ‘आयएसआय प्लाय’. हे म्हणजे पत्ता विचारल्यावर ‘भारत’ सांगण्यासारखं. ३०३ नंबरच्या मानकाचा की ७१० नंबरच्या? ३०३ साधा, घरगुती. ७१० म्हणजे मरीन; मानकाप्रमाणे तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला लागतो. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “आपल्याकडे एवढा गॅस कोण जाळणारे?” तरी सिंकखाली मला ७१० च हवा होता. तो लिहून घेतला, सही घेतली.

प्लाय मी स्वतः बघणार, म्हणून भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले. आठ बाय चारची एकेक शीट हमाल भिंतीला टेकवून उभी करत होता. प्रत्येक शीटवर शिक्का असतो : आयएसआयची खूण, वर मानकाचा नंबर, आणि खाली ‘सीएम/एल’ आणि पुढे आकडे. ते सीएम/एल बघून मी चष्मा पुसला. तो परवाना क्रमांक होता. मानक ब्यूरोने कारखान्याला दिलेला. इतके दिवस ज्याच्यासाठी मी माणसांच्या फायली चाळत होते, तो हा असा लाकडावर छापून पडला होता. ब्यूरोचंच बीआयएस केअर नावाचं अ‍ॅप आहे, त्यात नंबर टाकला की परवाना चालू आहे का ते कळतं. मी तिथेच फोन काढला. दुकानदार, कॉन्ट्रॅक्टर आणि डोक्यावर शीट घेतलेला हमाल असे तिघे माझ्याकडे बघत उभे. नंबर खरा निघाला, कंपनीचं नाव जुळलं, मुदत शिल्लक होती. “चला आता,” हमाल म्हणाला, “लाकडाचं आधार कार्ड झालं.”

काम सुरू झालं, म्हणजे फोडाफोड सुरू झाली. फोडायला माणसं वेळेवर येतात, हे मी नमूद करते. पोती भरून राडारोडा खाली आला. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, महापालिकेचं केंद्र वाघोलीला आहे, तिथेच न्यायचा, नदीकाठी ओतायचा नाही. कोथरूडपासून वाघोली म्हणजे अख्खं पुणं आडवं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. हे गॅलरीत गेले. भाडं दुपटीच्या जवळ ठरलं, आणि मी पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, आजवर राडारोड्याची पावती कुणी मागितली नव्हती.”

फोडून झाल्यावर मात्र सगळे गायब. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलायचा, ते नाकारता येत नाही. उचलायचा आणि म्हणायचा, “निघालोय, नळस्टॉपला आहे.” सकाळी दहाला नळस्टॉपला, दुपारी नळस्टॉपला, पावसात नळस्टॉपला. तिथे २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला, त्याच पुलावरून आणखी वर मेट्रो धावायला लागली, एवढं सगळं त्या चौकातनं माणसं लवकर बाहेर पडावीत म्हणूनच केलं ना? हा माणूस तिथेच. शेवटी मी म्हटलं, “तिथेच राहत असाल तर तसं सांगा, मी प्लाय तिकडे पाठवते.”

सुतारमिस्त्री मात्र खरा कारागीर. कमी बोलायचा, कानावर पेन्सिल, आणि कागदावर अजिबात विश्वास नाही. मापं भिंतीवर. हॉलच्या भिंतीवर खिडकीच्या डाव्या बाजूला त्याने आमच्या सगळ्या घराचा हिशोब मांडला होता : ७२ आणि त्याला जोडून एक बारीक अर्धा, त्याखाली २२ पाऊण, ‘गॅस’ असं हिंदीत, बाण, मग कुणाचा तरी मोबाइल नंबर, आणि एका बाजूला चौकटीत ‘चहा ४०’. एकदा मी वहीत उतरवून घ्यायला सांगितलं, तर म्हणाला, “मॅडम, वही हरवती है. दीवार कहाँ जाएगी?”

दीवार गेली. पेंटर दोन दिवस आधी आला. जन्मात पहिल्यांदा कुणी तरी आधी आलं, आणि त्याने शिस्तीत पहिल्याच सकाळी त्या भिंतीला पुट्टीचा हात मारला. मिस्त्री आला तेव्हा भिंत पांढरीशुभ्र. तो तिच्यासमोर उभा राहिला, हाताने चाचपून बघितली, आणि बाहेर जाऊन विडी ओढून आला. अर्धे पॅनेल कापलेले, अर्धे कापायचे, ओट्याचं ग्रॅनाइट मापावर सांगून झालेलं.

तेव्हा सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “बहात्तर आणि अर्धा.”

कामाच्या दिवसांत त्या हॉलमध्ये चादरी घातलेल्या सोफ्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. हातात रामनामाची वही. आम्हाला वाटायचं, जप चाललाय. जप पुढच्या पानांवर होता. वही उलटी करून मागच्या बाजूने त्यांनी हजेरीपुस्तक घातलं होतं : कोण किती वाजता आला, किती वाजता तंबाखू मळली, जेवायला किती वेळ, आणि वेळ जात नाही म्हणून समोरच्या भिंतीवरची सगळी मापं, बाण आणि ‘चहा ४०’ सकट. मिस्त्रीने त्यांना वाकून नमस्कार केला. पुढच्या शनिवारी हिशोब करताना मी त्या हजेरीप्रमाणे पैसे कापायला निघाले, तर त्याच म्हणाल्या, “राहू दे गं. तंबाखू धरू नकोस.”

विजेचं आणि नळाचं काम परवानेवाल्यांनीच करायचं, यावर मी ठाम होते. आणि परवानेवाले होते. सही त्यांची होती. हात मात्र दुसऱ्याचे. गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर ठरली होती, आणि परवानेवाल्याचा भाचा २.५ ची ओढत होता. मी वायरवर छापलेलं वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मामांना विचारतो.” मामा फोनवर म्हणाले, “मॅडम सांगतायत तसं कर.” म्हणजे परवाना त्यांचा, पण कामावर लक्ष ठेवायचं ते मी. मला वाटतं पुण्यात बऱ्याच घरांत अशी विनापरवाना देखरेख एखादी निवृत्त बाईच करत असेल.

काम संपलं, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. माळ्याच्या एका दाराला हँडल नाही. “येतं का उद्या?” “उद्या नक्की.” शेवटचा हप्ता मी तेवढा राखून ठेवला, पण हँडलच्या मानाने तो बराच मोठा होता, म्हणून माझ्याच मनाला लागलं आणि बहुतेक रक्कम देऊन टाकली. त्यानंतर तो परत नळस्टॉपला गेला.

अनामत परत घ्यायला अर्ज पूर्ण करणं भाग होतं. रकाना नंबर ७ तसाच मोकळा. मी ठेकेदाराचं नाव लिहिलं आणि परवाना क्रमांकाच्या जागी प्लायवरचा सीएम/एल आणि पुढचे आकडे लिहिले. कंसात ‘प्लाय’ असंही लिहिलं, कारण खोटं लिहायला हात धजत नाही. सेक्रेटरींनी बोट ठेवून वाचलं. “एल म्हणजे लायसन्स. बरोबर.” कंसातला तो शब्द बहुधा त्यांना ठेकेदाराचा वर्ग वाटला. शिक्का पडला. मग ते घर बघायला आले आणि ट्रॉल्यांजवळ रेंगाळले. सॉफ्ट क्लोज ड्रॉवर ढकलून सोडायचा आणि तो शेवटच्या चार बोटांवर सावकाश आत जातो ते बघत राहायचं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. आयुष्य धरणाच्या दरवाजांत गेलेलं. एवढा हळू मिटणारा दरवाजा त्यांनी पाहिला नव्हता. “आमच्याकडेही करून घ्यायचं म्हणतोय,” ते म्हणाले.

आठवड्याभरात कॉन्ट्रॅक्टरचा फोन. स्वतःहून. “मॅडम, तुमच्या सोसायटीतल्या काकांचं काम मिळतंय. पण ते अर्ज भरायला सांगतायत, आणि त्यात माझा परवाना नंबर विचारलाय. तुमच्या अर्जात होता म्हणाले. माझा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?”

“आहे माझ्याकडे,” मी म्हटलं. “तुम्ही कुठे आहात आत्ता?”

“नळस्टॉ...”

“हँडल घेऊन या. नंबर इथेच देते.”

वीस मिनिटांत बेल वाजली. त्याच्या एका हातात हँडल होतं, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. सासूबाईंनी वही उलटी केली आणि वेळ लिहिली.