ट्रॉफीला देणगीदार मिळतो, वायरिंगला मिळत नाही

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम जवळ आला की आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शाळांचे सर वर्गणीला फिरायला लागतात. हातात मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, चेहऱ्यावर संकोच. आणि आपण कारखानदार मंडळी पहिला प्रश्न काय विचारतो? "ट्रॉफ्या किती लागणार?" ट्रॉफीवर कंपनीचं नाव टाकता येतं, वाटताना स्टेजवर जाता येतं, फोटो निघतो. त्यामुळे बक्षिसांचा विषय पहिल्या दोन-तीन कारखान्यांतच मिटतो. मग सर हळूच म्हणतात, "साहेब, मंडप आणि टेबलांचं जरा बघता आलं तर..." तोवर आपल्याला अर्जंट फोन आलेला असतो.

टोमणाच आहे हा. लागला तर लागू दे.

मी मिलिंग-टर्निंगचा माणूस, शिक्षणतज्ज्ञ नाही. पण परीक्षक म्हणून आणि नंतर नुसता हरकाम्या म्हणून या प्रदर्शनांत वावरलोय. मुलांचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पाहुण्यांचं तर गरजेपेक्षा जास्त होतं. जो हे सगळं उभं करतो त्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना मात्र त्या दिवशी जेवायलाही वेळ मिळत नाही. ही माणसं काही इव्हेंट मॅनेजर नव्हेत. त्यांचे तास चालू असतात, पेपर तपासायचे असतात, निवडणुकीच्या याद्यांचं काम आलं तर तेही करायचं असतं. आणि त्यातून वेळ काढून नोंदणी, गटवारी, टेबलांचे नंबर, परीक्षकांची मनधरणी, शंभर-दोनशे पोरांचं जेवण, प्रमाणपत्रांवर अचूक नावं. एका नावात वेलांटी चुकली की पालकांचा फोन ठरलेला.

वायरिंगचं घ्या, कारण ते मला कळतं. शाळेच्या हॉलला बहुतेक वेळा पंखे आणि ट्यूबलाइटपुरतीच लाइन असते. १६ अँपिअरच्या एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) २३० व्होल्टला साधारण ३६०० वॅट चालतात. एलईडी आणि १२ व्होल्टच्या मोटारींची कितीही मॉडेल लावा, काही होत नाही. पण एकाने पाणी तापवायची रॉड आणली, दुसऱ्याने बेदाणा सुकवायचा हीटर, तिसऱ्याने हळद शिजवायचं छोटं यंत्र (सांगली जिल्हा आहे, हे येणारच), की पाहुणे दारात आणि हॉलमध्ये अंधार. अंधाराचं एक वेळ सोडा. ठिबकच्या आणि पाणी शुद्धीकरणाच्या मॉडेलशेजारीच एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेले असतात. बोर्डाला अर्थिंग आहे का, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का, हे कोण बघतं? तेच सर बघतात. ज्यांनी दहावीला विद्युतधारा शिकवलीय, पण आयुष्यात कधी पॅनल उघडलेला नाही. एक इलेक्ट्रिशियन अर्धा दिवस दिला तर हा धोका संपतो. आपल्या प्रत्येक कारखान्यात असा माणूस पगारावर आहे. त्याच्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही, एवढीच अडचण.

दुसरी गोष्ट परीक्षकांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. समजा ७० मॉडेल आहेत आणि परीक्षणाला ३ तास. उद्घाटन लांबलं नाही असंही धरू, जे कधी घडत नाही. तरी एका मॉडेलच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. अडीच मिनिटांत पोरगं पाठ केलेलं भाषण म्हणतं, परीक्षक मान हलवतात, पुढचं टेबल. साहजिकच चकचकीत दिसणारं मॉडेल वर येतं.

एकदा एका मुलीने पुराची सूचना देणारं मॉडेल आणलं होतं. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची प्रतिकृती, खाली पाण्याची टाकी, दोन फ्लोट. चाळीस फुटांच्या खुणेला पिवळा दिवा, पंचेचाळीसला लाल दिवा आणि भोंगा. इशारा पातळी आणि धोका पातळी, दोन्ही बरोबर. २०१९चा महापूर पाहिलेल्या घरातली पोरगी, तिला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. मॉडेल दिसायला साधं, पुठ्ठा उघडा पडलेला. माझ्यासोबतचे परीक्षक निवृत्त फिटर होते. ते खाली बसले आणि म्हणाले, "पोरी, पुरात ओंडके येतात, जलपर्णी येते. फ्लोट अडकला तर?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "प्रत्येक खुणेला दोन-दोन लावीन. दोघांत फरक पडला तर तिसरा दिवा." तिच्या बाई मागे उभ्या होत्या, त्यांनाही हे नवीन होतं. विज्ञान प्रदर्शन भरवायचं ते या संवादासाठी, आणि त्याला वेळ लागला बारा-पंधरा मिनिटं. म्हणजे परीक्षक पाच-सहापट हवेत. तेवढे आणायचे कुठून, हा प्रश्न आपण त्या एकट्या सरांवर सोडलाय. वालचंदसारखं इंजिनिअरिंग कॉलेज इथं १९४७ पासून आहे, किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी तर १९१०ची. या जिल्ह्यात यंत्र कळणाऱ्या माणसांचा दुष्काळ नाही. त्यांना कुणी बोलवत नाही आणि ती आपणहून जात नाहीत.

"सगळी मॉडेलं विकतची असतात हो," हा शेरा मारणारे दरवर्षी भेटतात. काही असतात, खरंय. पण विकतचं मॉडेल तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. तिसरा प्रश्न विचारण्याइतका वेळ परीक्षकाकडे असला पाहिजे, आणि मुलाची नोंदवही टेबलावर असली पाहिजे: काय केलं, काय फसलं, कोणत्या तारखेला. आयोजकांनी हा नियम केला तर पालक तक्रार करतात, त्यामुळे ते कचरतात. तिथं त्यांच्या बाजूने उभं राहणं हीसुद्धा मदतच आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

आपल्याकडे एनसीईआरटी ही केंद्राची शिक्षणसंस्था १९७१ पासून देशपातळीवर मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवते. तिथवर जायची वाट तालुका, जिल्हा, राज्य अशीच आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट खात्यात मिळतात. चांगली योजना आहे. पण ते पैसे मॉडेलचे, प्रदर्शन भरवणाऱ्याचे नव्हेत. अमेरिकेतलं इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झालं. बरीच वर्षं त्यावर इंटेलचं नाव होतं, २०२०पासून रिजेनेरॉन या औषध कंपनीचं आहे. प्रायोजक बदलले तरी ते टिकलं, कारण खाली गावोगावच्या संलग्न फेअर्सचं जाळं आहे आणि ती चालवणारे स्थानिक लोक आहेत. तिथं माणसांवर, प्राण्यांवर किंवा जंतूंवर प्रयोग करायचा असेल तर आधी समितीची मंजुरी लागते. म्हणजे आयोजकाचं काम प्रदर्शनाच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं. आपल्या सरांकडून आपण हेच सगळं अपेक्षितो, फक्त समिती, माणसं आणि पैसे सोडून.

पैशाचं थोडक्यात सांगतो. प्रदर्शनाला मंजूर रक्कम असली तरी आधी खर्च, मग बिलं, मग वाट बघणं. तोवर मंडपवाला दारात. मधल्या काळात खिशातून घालणारे शिक्षक मी बघितलेत आणि ते याबद्दल बोलत नाहीत. जिल्हा पातळीवर जत तालुक्यातल्या उमदीकडची पोरं शंभरावर किलोमीटर एसटीने थर्माकोलचं मॉडेल मांडीवर घेऊन येतात. मुली मुक्कामी असतात, त्यांच्यासोबत रात्रभर जागणाऱ्या बाई असतात. त्या बाईंना सकाळी चहा कोण देतं, एवढं एकदा विचारून बघा.

शाल-श्रीफळ देऊन हे भागणार नाही. उलट सत्काराच्या कार्यक्रमाने आणखी एक तास जातो आणि परीक्षणाची वेळ कमी होते.

तर यंदा माझ्या बाजूने: आमचा इलेक्ट्रिशियन आदल्या दिवशी दुपारपासून शाळेत असेल, आरसीसीबी लावलेले दोन बोर्ड वर्कशॉपमध्ये तयार करून ठेवलेत, आणि मंडपवाल्याचा अॅडव्हान्स मी भरतोय, बिल मंजूर झाल्यावर शाळेने परत करावा. कुपवाड-मिरज पट्ट्यात ज्यांच्याकडे घडीची टेबलं पडून आहेत त्यांनी कॉमेंटमध्ये सांगा, टेंपो मी पाठवतो. निवृत्त फिटर, नर्स, कृषी सहायक, ड्राफ्ट्समन, कुणीही असा, परीक्षक म्हणून अख्खा दिवस देणार असाल तर मेसेज करा. दोन तासांसाठी येणाऱ्यांनी कृपया प्रमुख पाहुणे व्हावं, ती जागा अजून रिकामी आहे.