खुलासा: लुओ हान ग्वोचा चहा पुडीतून होत नाही
‘मंक फ्रूट स्वीटनर गरम पाण्यात ढवळा, हाच घशाचा पारंपरिक चिनी चहा, इन्फेक्शन बरं होतं’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हा चहा दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागातल्या लुओ हान ग्वो, म्हणजेच मंक फ्रूट, या वाळवलेल्या अख्ख्या फळाचा करतात. फळ तपकिरी, हातात अगदी हलकं. अंगठ्याने दाबलं की कवच कडकन फुटतं. कवच, गर, बिया सगळंच लिटरभर पाण्यात २० मिनिटं मंद उकळून गाळायचं. साखर नकोच, फळातल्या मोग्रोसाइड या गोड घटकामुळे तो मुळातच गोड. स्वीटनरच्या पुडीत बहुतेकदा एरिथ्रिटॉल हा दुसराच गोड पदार्थ जास्त असतो. गरम घोटाने आराम पडतो, पण स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग त्याने जात नाही. ताप असेल, गिळताना दुखत असेल तर कृपया डॉक्टरांना दाखवा, मुलांना तर लगेच.