फिडोनेट लष्कराचं नव्हतं

'इंटरनेटआधी ई-मेल फक्त लष्कराकडे होती, फिडोनेटसुद्धा अमेरिकी लष्करानंच उभारलं' असा एक मेसेज दोन-तीन दिवस ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. फिडोनेट म्हणजे फोनलाइनवरून एकमेकांना ई-पत्रं पोचवणाऱ्या कॉम्प्युटरांचं जाळं.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलं ते अर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं कॉम्प्युटरांचं जाळं, १९६९ मध्ये. फिडोनेट १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलं, तेही साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर आणि घरगुती फोनलाइनवर. रात्री कॉलचे दर उतरले की एक कॉम्प्युटर मोडेमवरून (कॉम्प्युटरला फोनलाइनशी जोडणारं यंत्र) दुसऱ्याला फोन लावायचा, दिवसभर साठलेली पत्रं एकगठ्ठा पोचवायचा आणि फोन ठेवायचा. १९८६ पासून चर्चा आणि बातम्याही अशाच शहरोशहरी जाऊ लागल्या. फोनचं बिल बहुतेकदा केंद्र (जाळ्यातला असा एकेक कॉम्प्युटर) चालवणाराच स्वतःच्या खिशातून भरायचा.

दर आठवड्याला निघणाऱ्या जुन्या नोडलिस्ट, म्हणजे फिडोनेटच्या केंद्रांच्या याद्या, मी उघडून पाहिल्या. ओळीओळीत केंद्राचं नाव, गाव, चालवणाऱ्याचं नाव, फोन नंबर, मोडेमचा वेग. माणसं तिथे नावानिशी आहेत. त्यांच्या कष्टांचं श्रेय भलत्याच्या नावावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.