लहान आरोग्यसंस्थेला हिशेब का विचारायचा

सध्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: मोठ्या ट्रस्टांना हिशेब विचारा, पण गल्लीतल्या लहान आरोग्यसंस्थांना विचारू नका, तिथली माणसे ओळखीची असतात, ऑडिट आणि बैठका मोठ्यांसाठी असतात, लहान संस्थेत कार्यालयीन खर्च शून्य असल्यामुळे प्रत्येक रुपया रुग्णालाच मिळतो, आणि पारदर्शकता हवीच असेल तर मदतीचे फोटो पुरेसे आहेत. लिहिणाऱ्याच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. परंतु एका रुग्णसाहित्य केंद्राचे काम मी बरीच वर्षे जवळून पाहिले आहे, आणि यातला एकही युक्तिवाद मला मान्य करता येत नाही.

माणसे ओळखीची असतात, हे आमच्याबाबतीतही खरे होते. आमच्या केंद्रातून व्हीलचेअर, वॉकर, फाउलर कॉट (डोक्याकडची व पायाकडची बाजू वर उचलता येणारी खाट), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन वापरायला दिल्या जातात आणि वस्तू परत आली की अनामत परत केली जाते. त्या वेळचे खजिनदार अत्यंत सचोटीचे गृहस्थ होते. पावतीपुस्तके, चेकबुक आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच घरी असे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि त्यानंतर कोणाची किती अनामत आपल्याकडे आहे हे सांगणारा एकही कागद केंद्रात सापडला नाही. वडिलांचे तेरावे आटोपून कॉन्सन्ट्रेटर परत करायला आलेल्या एका मुलाने खिशातून चार घड्या घातलेली पाच हजारांची पावती काढली. तिची केंद्राकडे राहणारी स्थळप्रत आम्हाला मिळेना, आणि खात्यातल्या पैशांपैकी देणगीचे किती व अनामतीचे किती हे कळायला मार्ग नव्हता. तो मुलगा काही न बोलता बराच वेळ बाकावर बसून राहिला. एका पैशाचीही अफरातफर झालेली नव्हती, तरी त्याला त्याचे पैसे मिळायला दीड महिना लागला. अनामत ही संस्थेची मिळकत नसते, ती देणे असते, आणि ताळेबंदात ती तशीच दिसली पाहिजे, हे आम्ही फार उशिरा शिकलो. आता तिघांपैकी दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, आणि अनामतीची नोंदवही दर महिन्याच्या बैठकीत पासबुकाशी ताडून पाहिली जाते. लहान संस्थेची सगळी भिस्त एकदोन माणसांवर असते. म्हणूनच तिला लेखी नोंदींची गरज मोठ्या संस्थेहून अधिक आहे.

ऑडिट फक्त मोठ्यांसाठी असते, हे विधान तर कायद्यालाच धरून नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही (पब्लिक ट्रस्ट) मानली जाते, त्यामुळे तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो. सरकारने खास सूट दिलेले न्यास सोडले, तर कलम ३३ प्रमाणे हिशेबांची दरवर्षी तपासणी व्हावी लागते, आणि तपासणाऱ्याचा त्या न्यासाशी कोणताही हितसंबंध असता कामा नये. विश्वस्ताच्या भाच्याकडून ‘घरच्या घरी’ ऑडिट करून घेणाऱ्या संस्थांनी ही अट पुन्हा वाचावी. लेखापरीक्षकाला ज्या मुद्द्यांवर अभिप्राय द्यावा लागतो तेही साधेच आहेत: जमाखर्च नीट लिहिला आहे का, तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळतात का, एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको (कर्जदार) किंवा धनको (न्यासाकडून पैसे येणे असलेला) आहे का, बैठका होऊन त्यांचे इतिवृत्त ठेवले जाते का. यातला कोणता प्रश्न दहा लाखांच्या संस्थेला गैरलागू आहे? विश्वस्त बदलला, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्यामुळे दिवंगत माणसांची नावे तिथल्या नोंदवहीत तशीच राहतात आणि पुढे बँक खाते चालवणेही कठीण होते.

कार्यालयीन खर्च शून्य असल्याच्या दाव्याबद्दल एवढेच विचारावे की कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर बदलण्याचे आणि त्यातून येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता तपासण्याचे पैसे कोण देतो. एखादा विश्वस्त पदरचे पैसे घालत असेल, तर ती त्याची देणगी म्हणून जमेला आणि दुरुस्ती म्हणून खर्चाला लागली पाहिजे. कोणीच देत नसेल, तर न तपासलेले यंत्र रुग्णाच्या उशाशी जाते, आणि ही बचत रुग्णाच्या जिवावर झालेली असते.

याच मजकुरात देणगी रोखीने देण्याचाही सल्ला आहे. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला आयकराची सवलत मिळत नाही, आणि पावती न फाडता घेतलेली रोख रक्कम संस्थेपर्यंत पोहोचली की नाही, हे नंतर कोणीही सिद्ध करू शकत नाही.

राहिला फोटोंचा प्रश्न, आणि याबाबत मला सर्वात अधिक वाईट वाटते. हातात चेक धरून उभ्या असलेल्या बाईच्या फोटोतून तिचा आजार सगळ्या आळीला कळतो. चेक वटला का, बिल किती होते, उरलेले पैसे कोणी भरले, यातले काहीच कळत नाही. कर्करोगाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला मदतीच्या बदल्यात चेहरा द्यायला लावणे अन्यायाचे आहे, आणि तिने होकार दिला तरी अडचणीत सापडलेल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, याचाही विचार व्हावा. आमच्या फलकावर दर तिमाहीला रुग्णाचा फक्त नोंदणी क्रमांक, रुग्णालयाच्या नावे दिलेली रक्कम आणि बिलाचा क्रमांक लागतो. नाव आणि निदान बंद कपाटातल्या वहीत राहते, आणि ती वही लेखापरीक्षकाखेरीज फक्त दोघांना उघडता येते. फलकाच्या शेवटच्या ओळीत, त्या दिवशी आमच्याकडे लोकांची एकूण किती अनामत आहे, तो आकडा लिहिलेला असतो.